शिक्षकांचे गुण, दहापैकी

गुणवत्ता कक्ष म्हणजे फार्मसी कॉलेजच्या तळमजल्यावरची, पूर्वी मोडके बाक कोंबायला ठेवलेली खोली. बाक हलवले, भिंतींना रंग फासला, दारावर पाटी लावली, आत एक संगणक, एक कपाट आणि एक प्राध्यापिका बसवली, की झाला कक्ष. या प्राध्यापिकेला सगळं कॉलेज मोजपट्टी म्हणायचं. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, पण तिला त्याचा फारसा राग नव्हता. फार्मसी कॉलेजात संवादकौशल्य शिकवणाऱ्या बाईला एरवी विचारतो कोण? मोजपट्टीला निदान लोक वचकून असत.

काम नावाला साजेसंच होतं. वर्ग किती भरतात, ग्रंथालयातली किती पुस्तकं जागची हलतात, निकाल किती टक्के लागतो, असं जे जे मोजता येईल ते मोजायचं आणि मूल्यांकन समिती आली की तिच्यापुढे मांडायचं. 'जे मोजता येत नाही त्याचं काय करता?' असं कुणी खवचटपणे विचारलं तर ती म्हणायची, "ते आधी मोजता येईल असं करून घ्यायचं." हे ती गमतीने म्हणायची की मनापासून, हे तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

यंदा समिती यायची होती आणि समितीला विद्यार्थ्यांचे अभिप्राय हवे होते. मोजपट्टीने प्रश्न तयार केला: 'या शिक्षकांच्या शिकवण्याला तुम्ही दहापैकी किती गुण द्याल?' प्रश्नात खोट काढायला जागा नव्हती. पण मुलं तो मोबाइलवर भरणार, आणि प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एवढं लांबलचक वाक्य काही पडद्यावर मावेना. मग तिने कात्री चालवली. 'शिकवण्याला' गेलं, 'तुम्ही' गेलं, 'द्याल' गेलं. उरलं ते असं: 'शिक्षकांचे गुण (दहापैकी)'. सुटसुटीत, पाहताक्षणी कळणारं. तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अभिप्राय भरून आले. मोजपट्टी स्वतः नऊच्या वर होती. तिला बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटलं याचं तिला जरा हसूही आलं. शेवटून पहिला आला तो दशांशसरांचा आकडा. चारच्या जरासा वर.

दशांशसर औषधाच्या मात्रेचं गणित शिकवायचे. रोग्याच्या वजनावरून मात्रा किती, बाटलीतलं औषध किती पातळ करायचं, पिचकारीत किती भरायचं, असा विषय. नाव पडलं ते त्यांच्या तपासण्यावरून. सगळं गणित बिनचूक, फक्त दशांशचिन्ह एक घर सरकलेलं, असा पेपर घेऊन एखादी मुलगी रडकुंडीला येऊन उभी राहिली, की सर शांतपणे म्हणायचे, "रीत रोग्याच्या पोटात जात नाही." आणि शून्य तसंच राहायचं. पालक येऊन भांडून गेले, विद्यार्थी संघटनेने निवेदन दिलं, शून्य जागचं हललं नाही. सर मात्र पक्क्या नोकरीतले नव्हते. त्यांचा करार दरवर्षी वाढवला जायचा, आणि त्या कागदावर गुणवत्ता कक्षाचा शेरा लागायचा.

प्राचार्यांनी यंदा सगळ्यांना बसवून जाहीर केलं होतं, की करारावरच्या ज्या शिक्षकाचा आकडा पाचच्या खाली जाईल त्याचा करार वाढणार नाही. प्राचार्य म्हणजे तसा भला माणूस. पण समिती येणार म्हटलं की त्यांना कठोर निर्णय घेतल्याचं दाखवावं लागायचं. पाचच्या खाली गेलेला शिक्षक एकच निघाला, त्यामुळे निर्णय कठोर असूनही सोयीचा झाला.

मोजपट्टीच्या घरी नवरा आणि नणंदेची मुलगी. ही भाची याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि शिकायला म्हणून मामीकडेच राहायची. त्या दिवशी जेवताना मोजपट्टीने सहज खडा टाकून पाहिला.

"दशांशसरांचं काही खरं दिसत नाही बाई. तुम्ही पोरांनी फारच कमी दिलेत."

"आम्ही कुठे कमी दिले?" भाची म्हणाली. "त्यांनीच दिलेत कमी. मी आपलं आहे ते लिहिलं. चार."

"म्हणजे?"

"दहाच्या चाचणीत मला चार पडले ना. तेच लिहिले. काहींचं तर शून्य आहे, ती बिचारी तरी काय लिहिणार?"

मोजपट्टीचा घास हातातच राहिला. "अगं, पण तुला पडलेले कुणी विचारले होते? सरांना तू किती देशील ते विचारलं होतं."

"तसं कुठे लिहिलं होतं? 'शिक्षकांचे गुण' असं होतं. आम्ही नाही का म्हणत, सरांचे गुण आले का, बाईंचे गुण लागले का? मला वाटलं, तुमच्याकडची नोंद आणि आमची नोंद जुळते का ते बघताय. वर्गात सगळ्यांनी तसंच भरलं. तुझे मी नऊ लिहिले. तू सगळ्यांना नऊच देतेस."

नवऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "ही भाषा लिहिली कुणी?"

"मी," मोजपट्टी म्हणाली.

नवरा समजूतदार माणूस. तो आपलं ताट घेऊन मोरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तिने अभिप्रायांचे आकडे आणि चाचण्यांचे आकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. पाहायची गरज नव्हती, पण मोजल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं. दोन्ही रांगा जुळ्या बहिणींसारख्या होत्या. जो शिक्षक सैल हाताने गुण वाटतो तो वर, जो आखडता हात घेतो तो खाली. सगळ्यात वर होते पर्यावरण शिकवणारे गृहस्थ. ते वर्षातून चारदोनदाच वर्गावर यायचे आणि हजर असेल-नसेल त्याला दहा द्यायचे. कॉलेजातला उत्तम शिक्षक म्हणून त्यांचा फोटो अहवालात छापून झाला होता. चूक तिची, आणि घरी बसायची पाळी दुसऱ्यावर.

ती तडक प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य आरशासमोर टाय सारखा करत होते. सगळं ऐकून त्यांनी तो सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला.

"मॅडम, समिती फाटकाशी येऊन ठेपलीये."

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

"हे तुम्ही परवा सांगितलं असतंत तर आपण काही केलं असतं. उद्या सांगाल तर उद्या काही करू. आज मला ऐकू येत नाही." ते चिडून बोलले नाहीत. गयावया केल्यासारखे बोलले, आणि म्हणूनच ती तशीच परत फिरली.

समितीच्या अध्यक्ष या वयस्क, बारीक नजरेच्या बाई होत्या. कॉलेजं पाहून पाहून त्यांना कशाचं नवल उरलं नव्हतं. बागेतून नेलं, प्रयोगशाळा दाखवली, नवीन संगणक दाखवले, बाईंनी सगळीकडे सारख्याच मापाची मान हलवली. पण अभिप्रायाचा तक्ता पुढे आला तेव्हा त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. त्या तक्त्याशेजारी त्यांनी निकालाचा तक्ता धरला.

"हे विलक्षण आहे," त्या म्हणाल्या. "विद्यार्थी ज्या शिक्षकांना चांगलं म्हणतात, नेमका त्यांच्याच विषयांत निकाल चांगला आहे. इतकी जुळणी मी आजवर कुठे पाहिली नाही. बाकीच्या कॉलेजात याचा त्याच्याशी काही मेळ नसतो. हा कक्ष कोण बघतं?"

सगळ्यांच्या माना मोजपट्टीकडे वळल्या. तिने तोंड उघडलं. हे जुळतंय, कारण हे दोन तक्ते नाहीतच, हा एकच तक्ता दोनदा छापलाय, एवढंच तिला सांगायचं होतं. पण प्राचार्यांनी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांचं बघा जरा." तिने चहा फिरवला. तिला लाज वाटली हे खरं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिच्या कामाला विलक्षण म्हटलं होतं आणि ते ऐकायला गोड लागलं, हेही तितकंच खरं. अध्यक्षबाईंनी अहवालात लिहिलं, की या कॉलेजची मोजणीची पद्धत इतरांनी पाहावी अशी आहे.

समितीच्या गाड्या गेल्या आणि प्राचार्यांना पुन्हा ऐकू यायला लागलं. ते म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं ते पुन्हा विचारा. गाजावाजा नको. आणि काय निघेल ते मला सांगू नका. करारांचे कागद महिनाअखेर माझ्याकडे येतील, त्यावर तुमचा शेरा असेल तो मी बघीन, त्यापलीकडे मला काही ठाऊक नाही."

या खेपेला मोजपट्टीने मोबाइलचा नाद सोडला. ती स्वतः वर्गावर्गात गेली, प्रश्न फळ्यावर पूर्ण लिहिला, मोठ्याने वाचला, 'तुम्ही' आणि 'द्याल' या शब्दांवर बोट ठेवलं, शंका विचारा म्हणाली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "आणि आम्हाला पडलेले कुठे लिहायचे?" तिने त्यालाही न चिडता समजावलं. मुलांनी कोऱ्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहिले. ती त्या चिठ्ठ्या पिशवीत भरून कक्षात घेऊन आली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

तिला खात्री होती. मुलं तोंडाने कुरकुरली तरी आतून त्यांना कळतं, नीट विचारलं की खरं ते बाहेर येतं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिचा कशावर विश्वास उरला असेल तर तो यावर. दशांशसर सहा-सात तरी गाठतील, चूक सुधारेल, सरांची नोकरी वाचेल आणि आपल्यालाही नीट झोप लागेल, असा तिने हिशेब बांधला होता.

चिठ्ठ्या मोजून झाल्या तेव्हा पर्यावरणवाले गृहस्थ वरून थेट तळाजवळ आले होते. मोजपट्टी स्वतः नऊवरून घसरून साडेपाचवर. त्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत बसली, कारण संवादकौशल्य शिकवणाऱ्या बाईला मुलांनी सांगितलेलं यापेक्षा स्पष्ट काही नव्हतं. आणि दशांशसर तीन. आधीपेक्षाही खाली, आणि आता चूक कुणाचीच नव्हती.

सर तराजूंच्या खोलीत सापडले. या खोलीत पंखा लावत नसत आणि खिडक्याही बंद असत, कारण वाऱ्याच्या झुळकीने काटा हलतो. सर एका कोपऱ्यात पेपर तपासत बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. पहिली चूक, मग दुसरी मोजणी, मग आकडा.

"प्रश्न या वेळी नीट होता?" सरांनी विचारलं.

"मी वर्गात जाऊन वाचून दाखवला."

"मुलांना कळला?"

"कळला."

"मग आकडा बरोबर आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मला समजावून सांगता येत नाही, मॅडम. कधीच आलं नाही. मला ते गणित समोर दिसतं. त्यांना का दिसत नाही, ते काही मला दिसत नाही. मग मी फळ्यावर तेच पुन्हा लिहितो, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात."

मोजपट्टीला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "पण तुमच्यासारखं तपासतं कोण?"

"तपासण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत."

"विचारायला हवा होता."

"कुणाला? ज्याचं चुकलं त्यालाच विचारणार, की पकडणारा कसा वाटला?" ते हे तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. तराजूच्या पेटीतली वजनं त्यांनी चिमट्याने उचलून आपापल्या खाचेत बसवायला घेतली.

तिने मग मनात आणलेलं बोलून टाकलं. पहिली मोजणी सदोष म्हणून रद्द आणि दुसरी वेळेअभावी घेता आली नाही, असा शेरा ती लिहू शकते. म्हणजे यंदा सरांचा आकडाच नाही. आकडा नाही तर पाचच्या खालीही नाही, वरही नाही. करार आपोआप वर्षभर वाढेल. दुसऱ्या मोजणीत काय निघालं ते प्राचार्यांना ठाऊक नाही, त्यांना ते ठाऊक करून घ्यायचंही नाही. चिठ्ठ्या तिच्या कपाटात आहेत, त्या कपाटातच राहतील.

हे बोलताना तिने सरांकडे पाहिलं नाही. सर नाही म्हणतील, हे तिने धरूनच ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच तिने विचारलं होतं. एका दशांशचिन्हासाठी अख्खं गणित खोडणारा माणूस असल्या शेऱ्याला कशाला थारा देईल? ते ताठ मानेने नाही म्हणतील, ती जड मनाने आकडा लिहील, आणि आपण जमेल ते केलं असं दोघांनाही म्हणता येईल.

सरांनी शेवटचं वजन जागेवर ठेवून पेटी मिटली.

"मुलगी यंदा कॉलेजात जातेय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "लिहा."

तिला ऐकू आलं नाही असं वाटून की काय, ते पुन्हा म्हणाले, "लिहा तसं, मॅडम."

तिने कक्षात येऊन तसं लिहिलं. शेरा दोन ओळींचा होता आणि भाषा चोख होती, या खेपेला तिने एकही शब्द कापला नाही. सरांचा तिला राग आला नव्हता, तो यावा असा तिला हक्कही नव्हता. तरी काहीतरी मोडल्यासारखं वाटत राहिलं, आणि ते कुणाचं मोडलं, त्यांचं की आपलं, हे तिला सांगता आलं नसतं.

प्राचार्यांनी सही केली. सरांना बोलावून त्यांनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मायेने सांगितलं, "एक वर्ष मिळालंय, सर. पुढच्या खेपेला आकडा पाचच्या वर दिसू द्या. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात लुडबुड करणार नाही." सर बरं म्हणून बाहेर आले.

नवीन सत्र सुरू झालं. मोजपट्टी सरांना जिन्यात भेटायची तेव्हा दोघं हसायचे आणि बाजूने निघून जायचे. समितीने नावाजल्यामुळे इतर कॉलेजांतली माणसं तिचा कक्ष बघायला येऊ लागली. ती त्यांना तक्ते दाखवायची. त्यांच्यातलं एखादं हुशार माणूस विचारायचं, की इतकी जुळणी कशी साधली. ती म्हणायची, "प्रश्न सुटसुटीत ठेवायचा." पाहुणे ते वहीत लिहून घ्यायचे.

सत्राच्या मध्यावर एका संध्याकाळी भाची घरी आली ती गाणं गुणगुणतच. दप्तर सोफ्यावर टाकून तिने चाचणीचा पेपर मामीपुढे धरला.

"ओळख किती."

"कशात?"

"दशांशसरांच्यात. सात. मला, सात."

मोजपट्टीने पेपर हातात घेतला. एका गणिताखाली सरांच्या लाल अक्षरात दोनच शब्द होते: 'रीत बरोबर'. पुढे पैकीच्या पैकी गुण.

"म्हणजे उत्तर चुकलंय का यात?"

"फार नाही गं. दशांशचिन्ह राहिलं फक्त. शून्य दशांश पाच मिलिलिटर हवं होतं, मी पाच लिहिलं. पण रीत बरोबर ना, म्हणून दिले. आता सगळ्यांनाच देतात तसे. कुणाला शून्य नाही, कुणी रडत नाही, तास संपल्यावर सरांशी लोक बोलतात सुद्धा."

"रोगी कोण होता?"

"हां?"

"गणितातला. कुणाला द्यायचं होतं औषध?"

भाचीने पेपर ओढून घेतला आणि वरचा प्रश्न पाहिला. "तीन महिन्यांचं बाळ. कल्पनेतलं आहे गं ते."

मोजपट्टीला वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. तिला सरळ भीती वाटली. भीती वाटली ती या पोरीची. ही पुढच्या वर्षी कुठल्याशा दवाखान्यात पांढरा कोट घालून उभी राहील आणि एवढ्याच हसऱ्या चेहऱ्याने कुणाच्या तरी हातात बाटली देईल. आणि या सातातले निम्मे गुण तिने स्वतःच्या हाताने दिले होते.

भाची आत पाणी प्यायला गेली आणि तिथूनच तिने आवाज दिला.

"मामी, सर खरंच सुधारले. यंदा तुझा अभिप्राय आला ना, की आमचा अख्खा वर्ग त्यांना आठ देणार आहे."